एक चर्मपत्र, दोन भाषा

इजिप्तमधल्या सोहाग शहराजवळ कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचा एक पुरातन मठ आहे, ‘श्वेत मठ’. तिथल्या ग्रंथसंग्रहातल्या एका पोथीला आज ‘बोर्जियानुस’ म्हणतात. हे नाव अठराव्या शतकातले संग्राहक कार्डिनल स्तेफानो बोर्जिया यांच्यावरून पडलं.

पोथी साधारण पाचव्या शतकातली. चर्मपत्रावर लिहिलेली. समोरासमोरच्या पानांवर एकच मजकूर, एकीकडे ग्रीक आणि दुसरीकडे कॉप्टिकची सहिदी बोली. अशा पोथ्या दोन्ही भाषा नांदणाऱ्या प्रदेशात सोयीच्या होत्या. कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचंच पुढचं रूप. तिनं लिपी घेतली ग्रीकांची, आणि जे उच्चार ग्रीकमध्ये नव्हते त्यांच्यासाठी जुन्या इजिप्शियन देमोतिक लिपीतून चिन्हं उचलली.

या पोथीची आज उरलीत ती बायबलमधल्या लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांची सुटी पानं. ती व्हॅटिकन, पॅरिस आणि न्यूयॉर्क इथं विखुरली आहेत. योहानाचा काही भाग १७८९ साली जॉर्जी या विद्वानानं रोममध्ये छापला.

या तुकड्यांचं मोल किती? एक उदाहरण पाहा. ‘ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा’ हा प्रसंग योहानाच्या आठव्या अध्यायात सर्वपरिचित आहे. या पोथीत त्याच्या आगचा-मागचा भाग शाबूत आहे, पण प्रसंग मात्र नाही. सातव्या अध्यायाच्या ५२ व्या वचनानंतर थेट आठव्यातलं १२ वं वचन येतं. कित्येक जुन्या ग्रीक पोथ्यांतही असंच आहे. म्हणूनच हा प्रसंग मूळ मजकुरात नंतर आला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.