बाळंतपण आणि शेकडेवारी



लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की घरात बोलणं निघतं : नाव कुठं घालायचं? जिंतूर, सेलू, गंगाखेड जवळ आहेत. परभणीला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. शिवाय खासगी दवाखाने. आपण खोली पाहतो, खर्च विचारतो. एक प्रश्न मात्र राहून जातो : इथं शंभर बाळंतपणांत सीझर किती होतात?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांतली शेकडा १४ बाळंतपणं सीझरनं झाली. खासगीतली शेकडा ४७. एवढी तफावत नुसत्या अडलेल्या बाळंतपणांनी पडेल, हे मनाला पटत नाही. हा आकडा रुग्णालयांनी उघड लावावा, म्हणून मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी अर्ज काढला. २०१७ पर्यंत त्यावर लाखावर सह्या झाल्या.

पण शेकडेवारी नुसती वाचून भागत नाही, हे गुरुजी जाणतातच. मोठ्या रुग्णालयात अडलेल्या बाया दुरून पाठवतात. तिथला आकडा चढणारच. उलट, जिथं भूल देणारा डॉक्टरच नाही तिथं आकडा शून्य, पण म्हणून ती जागा बरी ठरत नाही. तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारावेत. दिवस भरलेल्या, बाळ डोक्याकडून असलेल्या निरोगी पहिलटकरणींत सीझर किती? आणि रात्री-अपरात्री भूल व रक्त यांची सोय आहे का?

सीझर काही वैरी नव्हे. बाळ आडवं असलं, वार पिशवीच्या तोंडाशी आली, बाळाचे ठोके मंदावले, तर तेच दोन जीव वाचवतं. अशा वेळी घरच्यांनी हुज्जत घालू नये. सरकारी रुग्णालयात तर २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सीझर, औषधं, रक्त मोफत मिळतं. पण मुहूर्त साधायला किंवा कळा टाळायला पोटावर शस्त्र घेऊ नये. जखम भरायला दिवस लागतात, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणाला चिकटण्याचं भय वाढतं.

हे सारं विचारायचं ते सातव्या महिन्यात, आशाताईला सोबत घेऊन, गोडीनं. कळा सुरू झाल्यावर विचारायला सवड नसते, आणि सांगणाऱ्यालाही नसते.