घरची भाषा : मराठी

(टेक्सासमधील मराठी श्रोत्यांसाठी केलेले रेडिओवरील भाषण)



मार्च-एप्रिल आला की टेक्सासमधल्या बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये प्री-केची, म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दात बालवर्गाची, नावनोंदणी सुरू होते. शाळा उघडते ऑगस्टच्या मध्याला, पण जागा भरायला लागतात त्याच्या कितीतरी आधी. फ्रिस्को, प्लेनो, केटी, राउंड रॉक या गावांत आता अनेक मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरात तीन-चार वर्षांची मुलं आहेत. नोंदणीच्या दिवसांत मी पालकांच्या मदतीला जाते, दुभाष्याचं काम करते. तिथे एकच गोष्ट पुनःपुन्हा कानावर येते : "तो वर्ग गरिबांसाठी असतो ना? आम्हाला कोण घेणार?" असं म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत आणि खासगी डेकेअरला दरमहा मोठी रक्कम भरत राहतात. आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

टेक्सासचा कायदा काय सांगतो ते आधी पाहू. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान चार वर्षांची पंधरा पात्र मुलं असतील, त्या डिस्ट्रिक्टला प्री-केचा वर्ग चालवावाच लागतो. 2019 सालच्या कायद्याने पात्र चार वर्षांच्या मुलांसाठी हा वर्ग पूर्ण दिवसाचा केला. तीन वर्षांच्या मुलांसाठी वर्ग ठेवायचा की नाही, ते डिस्ट्रिक्ट ठरवतं. आता पात्र कोण? शाळेतलं जेवण मोफत किंवा सवलतीत मिळावं इतकं कमी उत्पन्न असलेल्या घरातलं मूल. बेघर मूल. फॉस्टर केअरमध्ये असलेलं किंवा पूर्वी राहिलेलं मूल. सैन्यात नोकरी करणाऱ्यांचं मूल. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ज्याला इंग्रजी बोलता येत नाही आणि समजत नाही असं मूल. यांतली एक अट पुरी झाली तरी पुरते. शेवटच्या अटीत आईवडिलांचा पगार विचारत नाहीत. आई इंजिनियर असो की हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणारी असो, मुलाला इंग्रजी येत नसेल तर त्या वर्गात बसायचा त्याला हक्क आहे.

ही अट कायद्यात आली कशी, हे आपण समजून घेतलं पाहिजे, कारण ती कुणाच्या तरी कष्टाने आलेली आहे. पन्नासच्या दशकात टेक्सासमध्ये स्पॅनिश बोलणारी मुलं सहाव्या वर्षी थेट पहिलीत जाऊन बसत. शिक्षिकेचं बोलणं त्यांना कळत नसे आणि त्यांचं शिक्षिकेला. मग त्यांना पहिलीतच पुनःपुन्हा बसवलं जाई, आणि वयाने मोठी झालेली ती मुलं शेवटी शाळा सोडून देत. ह्यूस्टनमध्ये फेलिक्स तिहेरिना नावाचे एक रेस्टॉरंट चालवणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला फारसं शालेय शिक्षण मिळालं नव्हतं; हॉटेलात पडेल ते काम करता करता ते इंग्रजी शिकले होते. ते 'लुलॅक' या मेक्सिकन-अमेरिकन संघटनेचे अध्यक्ष झाले आणि 1957 साली त्यांनी गनाडो या लहानशा गावात उन्हाळी वर्ग सुरू केला. शिकवायला होती इसाबेल व्हर्व्हर, वय वर्षं सतरा. शाळेत पाऊल टाकण्याआधी मुलाला इंग्रजीचे निवडक चारशे शब्द यावेत, एवढंच उद्दिष्ट होतं. म्हणून त्या वर्गांना 'चारशेची छोटी शाळा' असं नाव पडलं. त्या मुलांची पहिलीतली प्रगती दिसली आणि 1959 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व वर्गांसाठी कायदा केला.

त्याच टेक्सासमधला आणखी एक माणूस आठवतो. लिंडन जॉन्सन 1928 साली कोटुला या गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिक्षक होते. पोटात अन्न नसलेली, इंग्रजी न कळणारी मुलं त्यांनी तिथे जवळून पाहिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1965 साली त्यांच्याच कारकिर्दीत 'हेड स्टार्ट' हा देशव्यापी बालशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. टेक्सासने स्वतःच्या प्री-केचा कायदा 1984 साली केला, आणि त्यात भाषेची अट पहिल्यापासून आहे. आपल्या मुलाला आज मिळणारी जागा ही त्या मेक्सिकन आईबापांच्या लढ्याची पुण्याई आहे. ती घेताना संकोच वाटायचं कारण नाही. कृतज्ञता मात्र जरूर वाटावी.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'होम लँग्वेज सर्व्हे' नावाचा एक छोटा भाग असतो. घरात कोणती भाषा बोलली जाते आणि मूल कोणती भाषा बोलतं, असे साधे प्रश्न असतात. खाली आईची किंवा वडिलांची सही लागते. भारतातून आलेले आजी-आजोबा दिवसभर नातवाला सांभाळत असले, तरी कायदेशीर पालकत्व नसेल तर त्यांची सही चालत नाही. आपली माणसं अडखळतात ती नेमकी याच ठिकाणी. 'इंग्लिश' लिहिलं तर मूल हुशार समजलं जाईल, 'मराठी' लिहिलं तर मागे पडलेलं समजतील, असं त्यांच्या मनात येतं, आणि हात 'इंग्लिश'कडे वळतो. एकदा तसं लिहिलं की भाषेच्या चाचणीला मुलाला बोलावतच नाहीत. मग भाषेच्या अटीवर मिळणारी जागाही जाते. दुरुस्ती करता येते, पण नोंदणीपासून दोन आठवड्यांच्या आत आणि मुलाची चाचणी झालेली नसेल तरच. म्हणून पहिल्यांदाच खरं लिहा. जेवताना, झोपवताना, रागावताना तुम्ही मुलाशी मराठीत बोलत असाल, तर घरची भाषा मराठी आहे.

चाचणीचा बाऊ करू नका. छोटंसं टेबल, छोट्या खुर्च्या. शिक्षिका चित्रं दाखवून नावं विचारते, एखादी सोपी कृती करायला सांगते, चार वाक्यांची गोष्ट ऐकवते आणि ती परत सांगायला लावते. चित्रातली मांजर पाहून मुलगी मोठ्या आनंदाने म्हणते, "मनीमाऊ!" शिक्षिका शांतपणे कागदावर खूण करते. बाहेर बसलेल्या आईचा चेहरा उतरतो. माझं त्या आईला सांगणं असतं : तुझ्या लेकीला मांजर ओळखू आली, तिला आवाज फुटला, अनोळखी बाईंसमोर ती न घाबरता बोलली. इंग्रजी शब्द तेवढा यायचा आहे, आणि तो शिकवण्यासाठीच हा वर्ग आहे.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. काही पालक मुलाला घरून पढवून आणतात, "आत गेल्यावर काही बोलू नकोस हं." हे करू नका. चार वर्षांच्या मुलाला शाळेच्या उंबरठ्यावर पहिला धडा खोटेपणाचा द्यायचा नाही. मुलाला इंग्रजी चांगलं येत असेल तर या अटीवर जागा मिळणार नाही, हे मान्य करावं. काही डिस्ट्रिक्टमध्ये फी भरून प्री-केला प्रवेश मिळतो, त्याची चौकशी करावी. आणि पाचव्या वर्षी किंडरगार्टन सगळ्यांसाठी मोफत आहेच.

कागदपत्रांत लागतात मुलाच्या जन्माचा दाखला, पालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल किंवा घराचा भाडेकरार, आणि लसीकरणाची नोंद. वयाची अट अशी की 1 सप्टेंबर रोजी किंवा त्याआधी मुलाला चार वर्षं पूर्ण झालेली हवीत. इथे तारखेचा घोळ होतो, तो नीट लक्षात घ्या. आपल्याकडे आधी दिवस लिहितात, अमेरिकेत आधी महिना. 9 ऑगस्टला जन्मलेल्या मुलाच्या कागदावर 09/08 असं असेल, तर इथला कारकून ते 8 सप्टेंबर असं वाचतो, आणि पात्र मूल एका आठवड्याने अपात्र ठरतं. फॉर्म भरताना इथल्या पद्धतीने भरा, आणि दाखल्याबरोबर महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी जोडा.

लसींचंही तसंच आहे. भारतातल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते. टेक्सासला त्यात गालगुंडाचीही लस हवी असते, आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेला लागतो. म्हणजे नवव्या महिन्यातला डोस इथे धरत नाहीत. कांजिण्यांची आणि 'अ' प्रकारच्या काविळीची लसही इथे सक्तीची आहे. आपल्याकडच्या सरकारी कार्डावर त्या दिसत नाहीत. म्हणून अर्जाची वाट न पाहता, जानेवारी-फेब्रुवारीतच कार्ड घेऊन इथल्या डॉक्टरांकडे जा. 'अ' काविळीच्या दोन डोसांमध्ये काही महिने जावे लागतात; ऑगस्टमध्ये धावपळ करून ते जमत नाही.

व्हिसामुळे प्रवेश अडेल का, असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. त्यांना मी एक जुना निकाल सांगते. डलासच्या पूर्वेला टायलर नावाचं शहर आहे. 1977 साली तिथल्या शाळांनी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले. पालक न्यायालयात गेले, आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की स्थलांतराच्या दर्जावरून मुलांना सार्वजनिक शाळेबाहेर ठेवता येणार नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी शाळा मुलाला वेगळा क्रमांक देते. एच-फोर व्हिसावर आलेल्या मुलाच्या आईने घाबरायचं काही कारण नाही.

प्रवेश मिळाल्यावरची एक गोष्ट. प्री-केला मूल घालणं ऐच्छिक आहे, पण एकदा नाव घातलं की हजेरीचा कायदा लागू होतो. डिसेंबरात महिनाभर पुण्या-नाशिकला जायचं असेल तर आधी शाळेशी बोला. धार्मिक सणाची रजा मान्य होते. ती रीतसर चिठ्ठी देऊन घ्या.

आता 'मागे पडलेलं मूल' या शिक्क्याच्या भीतीबद्दल. चाचणीनंतर शाळेची एक समिती बसते, तिच्यात पालकांचाही प्रतिनिधी असतो. मुलाला कोणती मदत द्यायची ते ही समिती सुचवते आणि तुमची संमती मागते. नको असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. पुढच्या इयत्तांत दरवर्षी प्रगती पाहतात आणि मूल तयार झालं की ती नोंद बदलतात. टेक्सासच्या शाळांत या मुलांना आता 'इमर्जंट बायलिंग्वल', म्हणजे दोन भाषांचं होऊ घातलेलं मूल, म्हणतात. यात उणेपणा कुठे आहे? शाळेतलं इंग्रजी शाळा शिकवील. आपण घरात मराठी गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, भरपूर बोलावं. घरी मोडकंतोडकं इंग्रजी बोलून मुलाची तयारी होत नाही. ज्याला एका भाषेत मनातलं नीट सांगता येतं, त्याला दुसऱ्या भाषेत सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायद्याप्रमाणे एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये एकाच इयत्तेत एकाच भाषेची, इंग्रजी शिकत असलेली वीस मुलं झाली, तर त्या भाषेतून शिकवणारा द्विभाषिक कार्यक्रम देण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर येते. शिक्षक मिळत नाहीत म्हणून सवलत मागून ती जबाबदारी पुढेही ढकलली जाते, हे खरं. पण मागणी करायला आधी आकडा लागतो. ऑस्टिनच्या समिट प्राथमिक शाळेत विएतनामी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारे वर्ग सुरू झाले. त्या समाजाने आपली भाषा शाळेच्या दप्तरी दिसेल अशी ठेवली. आपण मात्र फॉर्मवर 'इंग्लिश' लिहितो आणि मग तक्रार करतो की मराठीची इथे कुणाला दखल नाही. दप्तरी नोंदच नसेल तर दखल कोण घेणार? पुढे मराठी दुभाषा हवा, मराठीतून सूचना हव्यात, ग्रंथालयात मराठी पुस्तकं हवीत, असं म्हणायची वेळ येईल तेव्हा स्कूल बोर्डासमोर ठेवायला हाच आकडा उपयोगी पडेल.

तेव्हा या महिन्यात तीन कामं करा. आपल्या डिस्ट्रिक्टची नोंदणीची तारीख शोधा, कारण प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी असते. लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. आणि नव्याने आलेल्या, अजून कुणाशी ओळख नसलेल्या एका मराठी कुटुंबाला फोन करून या वर्गाबद्दल सांगा. त्यांच्याकडे संगणक नसेल तर आपल्याकडे बोलावून फॉर्म भरून द्या. त्या पानावर घरची भाषा विचारली की मराठी लिहा, ठळक अक्षरांत लिहा, आणि खाली सही करा.