प्रमाणपत्र मोठे की अनुभव?



मुलगा आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करून कारखान्याच्या गुणवत्ता विभागात, म्हणजे ‘क्वालिटी’त लागतो आणि घरात लगेच प्रश्न उभा राहतो. हजारो रुपये भरून आणखी एखादे प्रमाणपत्र घ्यावे, की चार वर्षे मुकाट्याने काम शिकावे? कित्येकदा त्या फीसाठी आईचा दागिना गहाण पडतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू या.

प्रथम अनुभवाची थोरवी पाहू. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट लेथवरून नुकताच उतरला आहे. तो २० अंशांनी गरम असेल, तर त्याचे माप सुमारे २ शतांश मिलिमीटर जास्त भरते. नवखा मुलगा तो पुन्हा कापायला लावतो आणि थंड झाल्यावर शाफ्ट बारीक भरतो. जुना कारागीर हात लावूनच सांगतो, “निवू दे बेटा, मग माप.” ही जाण परीक्षेच्या दालनात मिळत नाही.

मग पुस्तकी ज्ञान व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. हाच कारागीर प्रत्येक नगाचे माप पाहून यंत्राची जुळणी हलवत राहिला, तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो. यंत्राच्या नेहमीच्या चालीतला फरक कोणता आणि खऱ्या बिघाडाचा कोणता, हे ओळखण्यासाठी अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख तयार केला. १९५० साली डेमिंग यांनी ही संख्याशास्त्रीय विद्या जपानी इंजिनिअरांना शिकवली. ती नुसत्या हाताला येत नाही. त्यासाठी अभ्यासच करावा लागतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नामांकित संस्था स्वतःच अनुभव मागतात. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या ‘क्वालिटी इंजिनिअर’ परीक्षेस ८ वर्षांचा अनुभव लागतो. पदवीधरास ४ वर्षांची सूट मिळते. परंतु किमान ३ वर्षे निर्णय घेण्याच्या जागेवर काम केलेले असावे लागते. त्याच संस्थेच्या ‘ब्लॅक बेल्ट’साठी प्रत्यक्ष पूर्ण केलेल्या प्रकल्पाचा दाखला द्यावा लागतो. उलट दोन दिवसांत ‘बेल्ट’ बांधून देणारेही आहेत. पी हळद नि हो गोरी! सिक्स सिग्माचे बेल्ट देण्याचा अधिकार जगात कोणा एकाच संस्थेकडे नाही. म्हणून पालकांनो, फी भरण्यापूर्वी विचारा : ही संस्था परीक्षा घेते काय? अनुभव तपासते काय? आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८७ साली प्रथम निघालेल्या आय.एस.ओ. ९००१ या मानकाचे प्रमाणपत्र कारखान्याला मिळते, मुलाला नव्हे. मुलाला मिळतो तो फार तर त्या मानकाच्या प्रशिक्षणाचा दाखला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्याकडे हाताला कसब असलेली माणसे थोडी नाहीत. कोणी लेथवर, कोणी गॅरेजात, कोणी यंत्रमागावर आयुष्य घालवले आहे. परंतु जवळ कागद नाही, म्हणून कालचा मुलगा त्यांचा साहेब होतो. मुका अनुभव बढतीच्या मुलाखतीत बोलू शकत नाही. कसब असलेल्यांनी ते तपासून घेऊन त्याचा दाखला मिळवावा, यात कमीपणा कसला?

तेव्हा विद्यार्थ्यांनो, क्रम चुकवू नका. पहिली दोन-तीन वर्षे यंत्राजवळ उभे राहा. जवळ एक वही ठेवा. कोणता दोष आला, कारण काय निघाले, उपाय कोणता केला, नंतर किती नग नापास झाले, हे रोज लिहा. सोबत संख्याशास्त्राची उजळणी चालू द्या. मग आपल्या कामाला लागेल असे एकच चांगले प्रमाणपत्र निवडा. शक्य तर त्याची फी स्वतःच्या पगारातून भरा.

प्रमाणपत्र दार उघडते. आत टिकवते ते काम. दोन्हींची सांगड घाला आणि आईचा दागिना तिच्या अंगावरच राहू द्या.