खिशातली साखर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘मधुमेहावर मात करून मॅरेथॉन धावलेला’ अशी करून दिली. त्यात एक दुरुस्ती करतो. मात वगैरे काही केलेली नाही. मधुमेह आहे, रात्रीचं इन्सुलिन आहे, आणि मुंबईत ४२.१९५ किलोमीटर धावलो तेव्हाही तो प्रवेश फी न भरता माझ्याबरोबर धावला.

आपण सगळे आता पंचावन्नच्या पुढे. कुणाकुणाच्या खिशात गोळ्यांची डबी आहे, हे हात वर करायला लावून विचारत नाही. पण मघाशी बिनसाखरेच्या चहाची रांग मी बघितली आहे.

शेहेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नवी पेठेतून निघून हुतात्मा बागेत फेऱ्या, मग पार्क स्टेडियम, पुढं सात रस्त्यावरून विजापूर रोडला कंबर तलाव. दिवाळीत जिथं पाय ठेवायला जागा नसते, तो आपला रस्ता पहाटे साडेचारला एकट्याचा असतो. दूधवाला विचारायचा, “काय मालक, कुणी पाठीमागं लागलंय का?” आपल्याकडच्या उन्हाळ्यात सातनंतर पळणं म्हणजे तव्यावर पळणं. शिवाय उन्हात तपासणीच्या पट्ट्या आणि इन्सुलिन दोन्ही बिघडतात, म्हणून लवकर.

आता मुद्द्याचं. शुगर म्हटलं की आपल्याला ती वाढण्याचीच भीती. धावणाऱ्याला खरा धोका ती उतरण्याचा, निदान इन्सुलिन घेणाऱ्याला किंवा शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. वर औषधाचंही काम चालूच. आणि हे धावणं संपल्यावर थांबत नाही. रिकामी झालेली कोठारं स्नायू पुढे चोवीस तास भरत राहतात. रविवारी तीस किलोमीटर पळालेल्या माणसाची साखर रात्री दोनला झोपेत उतरू शकते. म्हणून लांब पल्ल्याच्या दिवसाचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच पळायचं नाही, औषध लवकर भिनतं.

टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला दिलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. त्या औषधावर माणूस आज मॅरेथॉन धावतो, ही थोडी गोष्ट नाही. पण तेच औषध आणि रिकामं पोट एकत्र आलं की घात.

साखर ७० च्या खाली आली की घाम, थरथर, गोंधळ. पळताना घाम सगळ्यांनाच येतो, थरथर थकव्यानंही होते, मग ओळखणार कसं? शिवाय त्या वेळी आपलं डोकंच नीट चालत नसतं. पहाटे रस्त्यावर झोकांड्या खाणाऱ्या माणसाला बघून लोक काय समजतील, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून खिशात चिठ्ठी असते: ‘मला मधुमेह आहे, साखर द्या.’ बरोबर धावणाऱ्या दोघांनाही मी पहिल्याच दिवशी सांगितलं. आपल्याकडे लोक शुगर लपवतात. मुलीच्या लग्नाचं कारण सांगतात, नोकरीचं सांगतात. ज्याला लपवायचंय त्यानं लपवावं, पण मग एकट्यानं पळू नये.

खिशात ग्लुकोज किंवा साखरच हवी, तीन चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. शेंगांचा लाडू नको. त्यातल्या तेलामुळं साखर सावकाश चढते. (शेंगाचटणीचा विषयच वेगळा, ती घरी खावी.) डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना आधी तपासून घ्या. पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळतच नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या दिवसांत. नंदीध्वजांचं दर्शन घेऊन, तिळगूळ मोजून खाऊन मी गेलो. पहाटे सीएसएमटीला उभा होतो तेव्हा साखर २१० होती. धास्तीनंही साखर चढते. ती उतरवायला औषध घेतलं नाही, हे ठरलेलंच होतं. परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाआधी ७४ निघाली. ग्लुकोज खाल्लं आणि कठड्याला टेकून पंधरा मिनिटं उभा राहिलो. शेकडो लोक पुढे गेले. त्यांत माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी एक बाई होती. जाताना ती “चला काका” म्हणाली. साखर १०८ झाल्यावर निघालो. वेळ लागला ५ तास ५१ मिनिटं. त्यातली ती पंधरा मिनिटं मी सगळ्यांत चांगली धावलो असं मला वाटतं.

उद्या पहाटे साडेपाचला मी पार्क स्टेडियमच्या दारात उभा आहे. फक्त चालायचंय. इन्सुलिनवाल्यांनी उपाशीपोटी येऊ नये. नवे बूट नकोत, जुनेच घाला. ग्लुकोजचे पुडे मी आणतो. मशीन ज्याचं त्यानं आणावं.