तबकडी कोणाची, गाणे कोणाचे?



इमारतीचे कौतुक होते तेव्हा पायात गाडलेल्या दगडांची चौकशी कोणी करीत नाही. आज जगभर कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या हिप-हॉप संगीताच्या पायातला असा एक दगड म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील ‘फंकी फोर प्लस वन’ हा समूह. त्याची ध्वनिमुद्रिते १९७९ ते १९८३ या काळातली. म्हणजे जेमतेम चार वर्षांची कारकीर्द. तो इतक्या लवकर का विखुरला, याचे उत्तर त्या मुलांच्या गुणावगुणांत सापडत नाही. त्यासाठी कलेची साधने कोणाच्या हाती होती, हे पाहावे लागते.

प्रथम ती भूमी पाहू. १९४८ ते १९७२ या काळात क्रॉस-ब्राँक्स महामार्ग दाट वस्त्या चिरीत नेण्यात आला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. १९७५ साली न्यूयॉर्कचे नगरप्रशासन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. खर्चकपातीची कुऱ्हाड शाळांवर, ग्रंथालयांवर आणि अग्निशमन दलावर कोसळली; तीही दक्षिण ब्राँक्समध्ये घरांमागून घरे जळत असताना. १९७० साली सुमारे १४ लाख ७० हजार असलेली ब्राँक्सची लोकसंख्या १९८० साली ११ लाख ७० हजारांच्या आसपास उरली.

या उद्ध्वस्त वस्तीत १९७३ पासून एक नवी कला आकार घेऊ लागली. दोन तबकडीयंत्रे शेजारी मांडून नृत्याला पोषक असा तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवणारा तो डीजे, आणि त्या तालावर यमके जुळवीत जमावाला चेतवणारा तो एमसी. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी जुन्या तबकड्यांनाच वाद्य बनवले. उद्याने आणि शाळांच्या व्यायामशाळा ही त्यांची रंगमंदिरे होती. कार्यक्रमांच्या कॅसेटी हातोहात फिरत.

डीजे ब्रेकआउट आणि डीजे बॅरन यांच्या ध्वनिसंचाभोवती ‘फंकी फोर’ जमला. के. के. रॉकवेल, कीथ कीथ, लिल रॉडनी सी आणि जॅझी जेफ हे चौघे, आणि ‘प्लस वन’ म्हणजे शा-रॉक ही तरुणी. नावात ती अधिकची एक ठरली असली, तरी पुढील पिढीच्या स्त्री-गायिकांना वाट दाखवणारा आवाज तिचाच होता. या रचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यंत्रे समूहाची, शब्द समूहाचे आणि श्रोतेही शेजारपाजारचे. उत्पादक व साधने यांच्यात अद्याप तिसरा कोणी शिरला नव्हता.

तो शिरला १९७९ साली. सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या न्यू जर्सीतील ‘शुगर हिल’ कंपनीने ‘रॅपर्स डिलाइट’ बाजारात आणले आणि खपाचे नवे क्षेत्र उघडले. त्यातील काही ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या होत्या. श्रेयनामावलीत त्याला स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी हार्लेममधील बॉबी रॉबिन्सन यांच्या ‘एन्जॉय’ कंपनीने ‘फंकी फोर’चे पहिले ध्वनिमुद्रण काढले. पुढच्या वर्षी हा समूह ‘शुगर हिल’कडे गेला आणि तेथे ‘दॅट्स द जॉइंट’ हे त्याचे सर्वोत्तम गीत ध्वनिमुद्रित झाले.

मात्र कंपनीच्या स्टुडिओत ताल धरण्यासाठी पगारी वादक होते. तेथे डीजेची गरज उरली नाही. ज्याच्या यंत्रांभोवती समूह उभा राहिला, तोच तबकडीवरून नाहीसा झाला. यंत्रमाग येताच हातमागवाल्याचे जे होते, त्याचीच ही संगीतातील आवृत्ती होती.

१४ फेब्रुवारी १९८१ रोजी गायिका डेबी हॅरी यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात या समूहाला पाचारण केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर झळकलेला पहिला हिप-हॉप समूह म्हणून त्याची गणना केली जाते. एवढी प्रसिद्धी लाभूनही त्याचा एकही संपूर्ण अल्बम निघाला नाही. १९८३ च्या सुमारास समूह फुटला. रॉडनी सी आणि रॉकवेल ‘डबल ट्रबल’ या नावाने ‘वाइल्ड स्टाइल’ चित्रपटात दिसले, तर शा-रॉक १९८४ च्या ‘बीट स्ट्रीट’मध्ये अन्य दोन तरुणींसह दिसली. त्याच सुमारास ग्रँडमास्टर फ्लॅशला ‘शुगर हिल’विरुद्ध न्यायालयात जावे लागले. १९८६ पर्यंत ती कंपनीही बुडाली.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. या छोट्या कंपन्या नसत्या, तर ब्राँक्सचा आवाज ब्राँक्सबाहेर कोणी ऐकला असता? बहुतेक बलाढ्य कंपन्या या संगीताकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या आणि दोन्ही रॉबिन्सन स्वतः कृष्णवर्णीयच होते. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच दोष एखाद्या व्यक्तीच्या माथी मारून भागत नाही. मालक आपल्याच समाजाचा असला म्हणून मालकीचे गणित बदलत नाही. विशीच्या आतबाहेरच्या त्या मुलांपाशी प्रतिभा होती, श्रोते होते, परस्परांची साथ होती. करार वाचून दाखवणारा कोणी नव्हता. त्यांच्या बाजूने बोलणारी संघटना नव्हती.

२०२३ साली हिप-हॉपची पन्नाशी थाटात साजरी झाली. गौरव झाले, भाषणे झाली. परंतु कलावंताला हार घालणे सोपे असते. त्याच्या गाण्याच्या कागदपत्रांवर कोणाचे नाव आहे, हे विचारणे कठीण असते. श्रमिकांच्या कलेविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने टाळी वाजवण्याआधी हा कठीण प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.