ताप आला तर सकाळची वाट बघू नका

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं, थोडं नीट लिहून)



आज बचतीचं रजिस्टर जरा बाजूला ठेवू. आपल्या एका गटातल्या मावशींना विचारूनच हे सांगते. त्यांचा मुलगा 26 वर्षांचा. मागच्या साली सोयाबीन काढताना तो सारखा बसायचा. लोक म्हणाले, कामचुकार. मग हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, हटता न हटणारा ताप. सलाईनी झाल्या. शेवटी साध्या रक्ततपासणीत पेशींचा आकडा विचित्र आला आणि हाडातल्या मगजाच्या तपासणीत नाव कळलं: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टर एएलएल म्हणतात. लहान लेकरांत जास्त दिसतो, पण मोठ्यांनाही होतो. लागट नाही, ताट वेगळं करू नका.

पहिला महिना भारी जातो. शिरेतून केमो, स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि रोग मेंदूकडं लपू नये म्हणून मणक्यात सुई. महिनाभरात रक्त स्वच्छ दिसायला लागतं. फसगत होते ती इथंच. मावशींच्या घरी म्हणाले, बरा झाला, कापूस वेचायला माणूस नाही, आता बस. मीही मान हलवली. सोशल वर्कची पदवी घेतलेली मी! दवाखान्यातून फोन आला म्हणून ते परत गेले. तपासणीत न दिसणाऱ्या पेशी आत उरलेल्या असतात. त्यांच्यासाठी पुढं काही महिने केमो आणि मग दोनेक वर्षं गोळ्या. मधे सोडलं तर रोग उलटतो, आणि उलटलेला आवरणं फार अवघड.

आता तो गोळ्यांवर आहे. एक गोळी रोजची. दुसरी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मावशींनी कॅलेंडरवर दर सोमवारी कुंकवाचा ठिपका लावलाय. लिहिता-वाचता येत नसलं तरी चुकायची सोय नाही.

आणि ताप. केमोवरच्या माणसाला 100.4 ताप आला की त्याच रात्री दवाखाना. घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण जंतूंशी लढणाऱ्या पेशीच कमी असतात. थर्मामीटर घरात पाहिजेच.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला परळचं टाटा. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासात रेल्वेच्या स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. दवाखान्याचा दाखला लागतो. देवगिरीने जाणाऱ्या कितीजणींना हे ठाऊक होतं? मावशींनी पहिल्या तीन फेऱ्या पूर्ण पैसे भरून केल्या.

पण मुंबईतली खोली, जेवण, बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. त्यासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं, आणि चार हप्ते थकलेत. वसुलीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं आहे. दंड माफ करून हप्ता लहान करायचा का, हा विषय आज तुमच्यासमोर ठेवते. मावशी स्वतः मागणार नाहीत. आज सोमवार आहे, गोळी देऊन येते म्हणाल्या, तोवर बोलून घेऊ.