काळे झेंडे आणि आपले संविधान



एखाद्या मंत्र्याची सभा ठरली, की काळे झेंडे दाखवतील या संशयाने कार्यकर्त्यांना आदल्या रात्रीच ठाण्यात नेऊन बसवतात. अशा वेळी काही सुशिक्षित मंडळी उलट आपल्यालाच विचारतात, "सत्याग्रह सोडा, असे बाबासाहेबच म्हणाले होते ना?"

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेब तसे म्हणाले, हे खरे आहे. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंगाचे समर्थन करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु शांततेने केलेली निदर्शने म्हणजे कायदेभंग नव्हे. कलम १९ ने भाषणाचे व शस्त्राविना शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. निदर्शने हाही मत मांडण्याचाच एक प्रकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली मान्य केले. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याला काळा झेंडा दाखविल्याबद्दलचा खटला केरळ उच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केला.

या हक्काला मर्यादाही आहेत. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते. व्यासपीठावरील वक्त्यालाही बोलण्याचे तेच स्वातंत्र्य आहे. त्याची सभा उधळणे, दगड किंवा शाई फेकणे आपल्या हक्कात बसत नाही आणि तथागतांच्या सम्यक वाचेतही बसत नाही. आपण निषेध करावा, पण शिवीगाळ करू नये.

चवदार तळे महाड नगरपालिकेने १९२४ सालीच कागदोपत्री खुले केले होते. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तेथे गेल्यावरच ओंजळीत आले. सभास्वातंत्र्याचेही तसेच आहे. ते वापरले नाही तर कागदावरच राहील.

म्हणून आपण निदर्शनांची लेखी सूचना ठाण्यात द्यावी व तिची पोच घ्यावी. अटक झाल्यास कारण विचारावे, वकिलाची मागणी करावी. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन कलम २२ ने घातलेले आहे. विहारात वंदनेनंतर तरुणांना ही दोन कलमे वाचून दाखवावीत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!